नमुन्याचा रुपया

मी इंग्लंडच्या राजा विल्यमच्या छापाचा रुपया. निजामाच्या राज्यात व्यवहार त्याच्याच हाली शिक्क्याच्या नाण्यांत चाले. पण जुन्या जालन्यातले अत्तरवाले अलीमभाई यांना नाद कंपनी सरकारच्या नाण्यांचा. मला त्यांच्या अब्बांनी कंपनीच्या छावणीतून आणलं होतं. माझ्यावर शंका घेणं म्हणजे अब्बांवरच घेणं! म्हणून मी नमुना ठरलो. दारी आलेलं प्रत्येक नाणं माझ्याशी ताडून पाहत.

मान मोठा, पण माया नाही. मला नुसतं मांडून ठेवायचं, आणि पाहुण्या नाण्याला उन्हात धरायचं, फुंकर मारायची, दगडावर वाजवून कानाशी न्यायचं. घरात सवत यावी तसा माझा जीव जळायचा.

एकदा गल्लीतली साळूबाई घराचा पाया खणताना सापडलेला रुपया घेऊन आली. तोही विल्यमचाच! अलीमभाईंनी तो झटकन उचलून उन्हात धरला. या छापाचा दुसरा रुपया ते जन्मभर शोधत होते. मी त्याला पहिल्यापासूनच पाण्यात पाहिलं. त्याची अक्षरं टोकदार, राजाचं नाक ताठ. माझं नाक शेंगदाण्यासारखं. काट्यावरही तो माझ्याहून गुंजभर जड भरला.

“न्हाई साळूबाई, बिलकुल खोटा हाय. अब्बांच्या रुपयाशी बराबर मिळत न्हाई.”

साळूबाई हिरमुसून गेली. मला मात्र आनंदाच्या उकळ्या फुटल्या. जिरली एकदाची!

पुढच्या उन्हाळ्यात अंबडचे काकासाहेब आले. त्यांनाही हाच नाद. त्यांनी मला भिंगाखाली धरलं आणि काठावरून नख फिरवलं.

“अलीमभाई, राग नका मानू. हे ओतीव हाय. अंगावरची ही बारीक भोकं बघा. काठावर कानस मारलीय. खरा रुपया ठशानं पाडतात, साच्यात ओतत न्हाईत.”

अलीमभाईंचा चेहरा उतरला. मला खिशात टाकून ते तडक साळूबाईकडे गेले.

“तुमीच म्हणल्ता ना खोटा हाय?” ती म्हणाली. “मंग म्हणलं, चांदी तर हाय. सोनाराकडून नातीला वाळे करून घेतले.”

तान्ही ओट्यावर पाय नाचवत होती. अलीमभाई खाली बसले, तिचा इवलासा पाय धरून त्यांनी वाळा हलवला आणि कान लावून ऐकत राहिले. त्यांचे डोळे भरून आले. आणि मी? त्यांच्या खिशात पडल्या पडल्या मी तेव्हाही जळत होतो.

अब्बांची आठवण म्हणून त्यांनी मला टाकलं नाही. फडक्यात बांधून ठेवलंय. मी खोटा, कबूल. पण उद्या कुणाच्या हाती लागलो, तर फेकण्याआधी मलाही एकदा असंच कानाशी धरा.