नववं जॅकेट

लातूरच्या अडत बाजारात चन्नबसप्पा मापाड्याचं नाव काढलं की जुनी माणसं अजून सांगतात, हा बाबा देवापुढं नारळ फोडायचा तरी आधी हातात तोलून बघायचा. चाळीस वर्षं त्यानं काट्याशेजारी उभं राहून पोती मोजली. पहिल्या पोत्याला ‘एक’ म्हणायचं नाही, ‘लाभ’ म्हणायचं आणि मग दोन, तीन, चार, ही बाजाराची रीत. त्याचं ‘लाभ’ एवढं खणखणीत असायचं की समोरच्या दुकानातला अडत्या हातातला चहा खाली ठेवायचा. त्याच्या मापात कधी मूठभर तूर इकडची तिकडं झाली नाही. असा माणूस काम सुटल्यावर काय करील? नातवंडं खेळवील, मठात जाऊन बसेल. यानं बोट घेतली.

बोट! आणि तीही लातूरच्या माणसानं! ज्या गावाला एका उन्हाळ्यात रेल्वेनं पाणी आणून पाजावं लागलं, त्या गावच्या माणसानं. लोकांनी टिंगल केली नसती तरच नवल. न्हाव्याच्या दुकानात विचारणा झाली, की मापाडी, बोटीला चाकं बसवली का, पाणी आटल्यावर लागतील. चन्नबसप्पा हसला आणि दाढी करून घेऊन निघून आला. खरं कारण त्यानं कुणालाच सांगितलं नाही, कारण ते कारण त्याच्या घरातच राहत होतं आणि त्याला रोज भाकरी करून घालत होतं.

गोष्ट जुनी आहे. लग्न होऊन सहा महिने झाले होते, नांदेडला कुणाच्या तरी सोयरिकीत दोघं गेले होते. संध्याकाळी गोदावरीच्या घाटावर बोट लागलेली. शरणम्माचं माहेर उदगीरकडचं, तिनं एवढं पाणी जन्मात बघितलेलं नव्हतं. ती हरखून बोटीत जाऊन बसली. आठ जणांच्या बोटीत नावाड्यानं चौदा माणसं भरली तेव्हा घाटावरच थांबलेल्या चन्नबसप्पानं एकेकावर नजर टाकली, मनात बेरीज केली आणि बायकोचा हात धरून तिला खाली उतरवलं. बोट गेली, पलीकडं वळसा घालून आली, तेरा माणसं हसत खिदळत उतरली. कुणाच्या धोतराचा सोगासुद्धा भिजला नव्हता. त्या दिवशी शरणम्मा काही बोलली नाही. पुढं चाळीस वर्षं बोलली.

तर त्या एका फेरीसाठी ही बोट होती. गोदावरीकाठच्या एका म्हाताऱ्या बोटवाल्याकडून घेतलेली, निळी, फायबरची, मागं छोटं इंजिन. रेणापूरच्या पलीकडं एक तलाव आहे, पावसाळ्यानंतर तुडुंब भरतो, तिथं ती लावली. येणाऱ्या-जाणाऱ्या लोकांना फिरवायचं, पण पहिली फेरी शरणम्माची. त्यानं घरी तसं सांगितलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. खाली मान घालूनच म्हणाली, सरकारी नंबर पडल्याशिवाय मी बसनार न्हाई, नाहीतर अर्ध्यातून पुन्हा उतरवाल.

हे त्याला पटलं. त्याला कागद आवडायचेच. त्यानं पाटबंधारे खात्याची परवानगी काढली, बोटीचा विमा काढला, नोंदणीचा अर्ज केला आणि अर्जाबरोबर आलेली सामानाची यादी भिंतीवर डकवली. दोरी बांधलेली, पाण्यात फेकायची गोल ट्यूब, आग विझवायचं लाल नळकांडं, औषधाची पेटी, नांगर, इंजिन बंद पडलं तर दोन वल्ही, आणि शिट्टी लावलेली जॅकेटं. मुलगी मंजुश्री नांदेडला शाळेत शिकवते, तिनं खटपट करून चांगल्या शिक्क्याची जॅकेटं आणून दिली. चन्नबसप्पानं ती थप्पीला लावली. पोत्यांची लावतात तशी, एक कोपरा इकडं न तिकडं. मग काळ्या शाईनं प्रत्येकावर आकडा घातला. पहिल्यावर ‘लाभ’, पुढं दोनपासून आठपर्यंत.

सगळं बेताबेतानं चाललं होतं आणि तिथंच बाबानं माती खाल्ली. निवृत्त होताना मालकानं त्याला जुना लोखंडी काटा भेट दिला होता, माणूस उभा राहील एवढ्या पाटाचा. तो काटा त्यानं टेम्पोत घालून तलावावर नेला आणि बोटीजवळच्या बाभळीखाली मांडला. बोटीत चढणारा प्रत्येक माणूस आधी तोलायचा, असं ठरवलं. त्याचं म्हणणं, आठ माणसं म्हणजे किती? रेड्याएवढे आठ आले तर? बोटीला डोकी कळत नाहीत, वजन कळतं. आणि बाजारातल्या सवयीनं तो आकडा मोठ्यानं पुकारणार, हे ओघानं आलंच.

शरणम्मानं एवढंच विचारलं, “मी काय हरभऱ्याचं पोतं हाय?”

झालं. चार लोकांत आपलं वजन पुकारून घेणार नाही, आणि नवऱ्याला काटा चुकवता येणार नाही. तिनं काटा उचला म्हटलं, त्यानं नियम सगळ्यांना सारखा म्हटलं. दोघंही खोडाला खोड. मंजुश्रीनं दोन्हीकडून फोनवर समजूत घातली आणि शेवटी तुम्ही आणि तुमचा काटा असं म्हणून हात टेकले.

पण शरणम्माही मोठी अजब बाई. बोटीचं नाव काढायची नाही, आणि रोज त्याच्याबरोबर तलावावर यायची. खांद्याला एक फुगीर कापडी पिशवी, तीत भाकरी, कारळाची चटणी, दही. बांधावरच्या एका दगडावर बोटीकडं पाठ करून बसायची. जेवण काढून द्यायची, पिशवी पुन्हा मांडीखाली दाबायची. तो पाण्यात इंजिन चालवून बघायचा तेव्हा मात्र तिची मान हळूच वळायची आणि तो काठाला लागला की परत सरळ व्हायची. हे त्याला कधी दिसलं नाही. तोलणाराची नजर काट्यावर असते, बाजूला काय चाललंय ते त्याला कुठलं दिसायला!

दसरा दहा दिवसांवर आला आणि तपासणीला साहेब आले. धम्मानंद सोनकांबळे नाव, वय पस्तिशीचं, बोलणं मऊ, पण नजर कशी, चाळणीसारखी. त्यांनी बोटीला प्रदक्षिणा घातली, तळाला टिचक्या मारल्या, नांगराची दोरी ओढून बघितली, औषधाच्या पेटीतल्या मलमावरची तारीख वाचली. गोल ट्यूब पाण्यात फेकायला लावली. चन्नबसप्पानं ती बरोबर खुणेवर फेकली. काटा बघून साहेब हसले. म्हणाले, आमच्या यादीत हा नाही, पण राहू द्या, बोटीवर मात्र माणसांचाच आकडा रंगवा. मग जॅकेटांच्या थप्पीशी आले.

पहिल्यावर लाभ का लिहिलंय म्हणून त्यांनी विचारलं. बाजाराची रीत, असं चन्नबसप्पानं सांगितलं. त्यांनी एकेक जॅकेट उचललं, शिवण ताणली, पट्टा ओढला, शिट्टी वाजवून घेतली. आठ शिट्ट्या झाल्या. साहेब अजून हात पुढं करून उभेच.

“आणि तुमचं?”

चन्नबसप्पाला प्रश्नच समजला नाही. साहेबांनी अर्ज दाखवला: प्रवासी आठ, चालक एक. बोटीत जितके जीव, तितकी जॅकेटं. चालकाचं कुठाय?

आता हसावं की रडावं! ज्या माणसानं चाळीस वर्षांत पसाभर चूक केली नाही, त्याची नऊ आणि आठात चूक झाली. पण ती चूक दुसऱ्या कुणाची झालीच नसती. त्यानं आठ माणसांचं वजन धरलं, इंजिनाचं धरलं, तेलाच्या डब्याचं धरलं, नांगराचंही धरलं. तोलणारा काट्यावर चढत नसतो. इतक्या वर्षांत त्यानं स्वतःला कधी मोजलंच नव्हतं.

एक प्रवासी कमी लिहा, सात करा, असं तो चाचरत म्हणाला. साहेबांनाही वाईट वाटलं. पण अर्जात आठ, विम्यात आठ, सात करायचे तर सगळे कागद पहिल्यापासून. आणि एका जॅकेटसाठी सही करतो म्हणावं, तर उद्या काही झालं की ते एक जॅकेटच आठवेल. तपासणीची पुढची फेरी दिवाळीनंतर, त्यांनी सांगितलं.

दिवाळीनंतर कालव्याला पाणी सुटतं. मग काठ मागं सरकतो आणि ही जागा ढोपरभर चिखल होते, म्हणजे गेलं वर्ष. चन्नबसप्पाला स्वतःचं काही वाटलं नाही. शरणम्माचे गुडघे गेल्या हिवाळ्यापासून कुरकुरत होते, उंबरा ओलांडताना ती चौकट धरायची. पुढच्या वर्षी तिला बोटीत पाय टाकता येईल का, कुणास ठाऊक. एकदा आपण तिला हाताला धरून उतरवलं, आणि आता चढवायची वेळ आली तर अशी. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं आणि ते लपवायला तो उगाच दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधायला लागला.

तेव्हा बांधावरून शरणम्मा उतरली. गुडघ्यावर हात देत, सावकाश, बोटीकडं तोंड करून. दोघांच्या मधे येऊन तिनं पिशवी उलटी केली. भाकरीचं फडकं पडलं, चटणीची डबी पडली आणि त्यांच्याखालून घडी घातलेलं नारिंगी जॅकेट निघालं.

“हे घ्या साहेब. नववं.”

साहेबांनी शिवण ताणली, पट्टा ओढला, शिक्का बघितला. शिट्टी त्यांनी चन्नबसप्पाला वाजवायला सांगितली, पण त्याच्या तोंडून हवाच निघेना.

तिनं सांगितलं ते असं. आठ जॅकेटं घरी आली त्याच रात्री तिनं मोजली होती. बोटीत नऊ, जॅकेटं आठ, हे काय मापाड्यालाच कळतं असं थोडंच आहे? त्याचा जुना सदरा मापाला नांदेडला धाडून तिनं मंजुश्रीकडून एक मागवलं. द्यायचं म्हटलं तर काट्यावरून भांडण झालेलं, आणि जॅकेट दिलं म्हणजे आपण हरलो. म्हणून दिलं नाही. आणि घरी ठेवून येववत नव्हतं. महिनाभर ती ते भाकरीखाली घालून रोज आणत होती.

“जगाचं मोजत बसलात जलमभर,” ती म्हणाली. “तुमाला कुनी मोजायचं? तुमी पान्यात जाताव तवा माझा जीव त्या दगडावर कसा बसून ऱ्हातो, ते कधी तोललंत का?”

चन्नबसप्पानं गळ्यातलं लिंग नीट सदऱ्याच्या आत घेतलं आणि जॅकेट अंगात घातलं. पट्टा एकदाही ओढावा लागला नाही इतकं बेताचं बसलं. साहेबांनी मान खाली घालून बराच वेळ कागदावर काहीतरी लिहिलं आणि सही केली.

नंबर दसऱ्याच्या आदल्या दिवशी आला. पेंटरनं तो बोटीच्या दोन्ही अंगांना पांढऱ्या रंगात काढला आणि खाली लिहिलं, प्रवासी आठ, चालक एक. दसऱ्याला सकाळी मंजुश्री नांदेडहून आली, आपट्याची पानं दिली घेतली आणि तिघं तलावावर गेले. चन्नबसप्पानं येताना टेम्पोवाल्याला सांगून ठेवलं होतं. बाभळीखाली येऊन त्यानं काट्याला हात घातला, उचलायला. हरला तो, आणि हरल्याचं त्याला काही वाटत नव्हतं.

शरणम्मानं त्याचा हात धरला. म्हणाली, राहू द्या, काटा सगळ्यांना सारखाच पाहिजे. पण आधी तुमी.

तो काट्यावर चढला. साठी उलटलेला माणूस, पण शाळेत पहिल्या दिवशी उभा करावा तसा अवघडून उभा. चाळीस वर्षांत त्यानं काट्याचा पाट पायाखाली घेतला नव्हता. शरणम्मा काट्याशेजारी त्याच्या जागी उभी राहिली. वजन सरकवायचं तिला जमेना, दांडी वरखाली होत राहिली. मंजुश्री मदतीला सरसावली, तर तिनं तिला मागं केलं. शेवटी दांडी सरळ झाली. तिनं आकडा बघितला, घसा खाकरला, आणि पाण्यावरची बदकं उडतील अशा आवाजात पुकारलं:

“लाभ!”

चन्नबसप्पा तिथंच, काट्यावर, लहान पोरासारखा रडला. तिनं त्याला पदरानं पुसलं, खाली उतरवलं आणि स्वतः चढली. आता पुकारा, म्हणाली. त्यानं दांडी सरळ केली, आकडा नीट बघितला, कारण न बघता पुकारणं त्याच्यानं झालंच नसतं, आणि हळू आवाजात म्हटलं, “दोन.” किलोचं नाव त्यानं काढलं नाही, आणि मंजुश्रीलाही ते आजतागायत कळलेलं नाही.

मग त्यानं थप्पीतून वरचं जॅकेट काढून तिच्यापुढं धरलं. त्यावर लाभ लिहिलेलं होतं. हे कुणाचं म्हणून तिनं विचारलं. थप्पी लावली त्या दिवसापासून तुझंच, तो म्हणाला.

त्यानं तिचा हात धरून तिला बोटीत चढवलं. मंजुश्री काठावरच्या दगडावर बसली. बोट मधोमध आली तेव्हा त्यानं इंजिन बंद केलं. शरणम्मानं आधी दोन्ही हातांनी फळी धरली होती, मग एक हात सोडून तो पाण्यात घातला. बराच वेळ तसाच ठेवला. मग तिनं विचारलं, नांदेडची ती बोट, खरं सांगा, बुडनार होती का?

“न्हाई,” तो म्हणाला. “तेरा तर आलेच की परत. तू असतीस तरी बोट आली असती. तवापन मला म्हाईत होतं.”

“मग उतरवलं कशाला?”

“बाकीच्यांचं अंदाजानं धरलं,” चन्नबसप्पा म्हणाला. “तुझं अंदाजानं धरायची छाती झाली न्हाई.”

तिनं पाण्यातला हात काढून पदराला पुसला आणि म्हणाली, अजून एक वळसा घ्या.