सोळा महिन्यांचा अनुभव

अर्जातल्या त्या चौकोनात तिनं सोळा हा आकडा तीनदा टाकला आणि तीनदा पुसला. ‘पूर्णवेळ नोकरीचा अनुभव, महिन्यांत.’ नियमाप्रमाणे बारा महिने पुरेसे होते. पण गेल्या वर्षी प्रवेश मिळालेल्यांचा सरासरी अनुभव बावन्न महिने होता, हेही त्याच पानावर खालच्या अंगाला बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. बाकी पान तिनं वरवर चाळलं होतं. ती ओळ मात्र पाठ झाली होती.

घरात तिला धाकटी म्हणत. काचेच्या बाटल्यांच्या कारखान्यात ती नियोजन विभागात होती. कोणत्या दिवशी कुठले साचे यंत्रावर चढवायचे, कुणाची ऑर्डर आधी काढायची, कुणाचा माल कधी रवाना करायचा, याचा तक्ता रोज तिच्या हातून निघायचा. मॅनेजमेंटच्या कॉलेजात अर्ज करायची मुदत शुक्रवारी संध्याकाळी पाचला संपत होती आणि आज सोमवार उजाडलासुद्धा होता.

घरात या विषयावर दोन तट पडले होते. थोरली बहीण पाच वर्षं नोकरी करून मग तसल्याच कॉलेजात गेली होती. तिनं फोनवर साफ सांगितलं, “अगं, पाच वर्षं काम करून गेले, तरी पहिले दोन महिने वर्गात तोंड उघडायची छाती होत नव्हती माझी. तू काय सांगणार आहेस तिथं? थांब की दोन वर्षं. कॉलेज काय पळून चाललंय?”

बाबांचं म्हणणं उलट. ते लिफ्ट दुरुस्तीच्या कामातून नुकतेच निवृत्त झाले होते. सुपरवायझरची परीक्षा पुढच्या वर्षी देऊ, पुढच्या वर्षी देऊ म्हणता म्हणता त्यांची एकतीस वर्षं निघून गेली होती. “भरून टाक,” ते म्हणाले. “नाही म्हणाले तर नाही म्हणाले. पण थांबू नकोस. थांबलं की माणूस बसूनच जातो.”

दोघंही खरं बोलतायत असं तिला वाटायचं, आणि त्यामुळेच काही ठरत नव्हतं.

अर्जात एक निबंध होता. ‘तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन निर्णय घेतल्याचा एक प्रसंग लिहा.’ सोळा महिन्यांत असे प्रसंग कुठून आणायचे? तिनं डोकं खाजवून एक शोधून काढला. मागच्या हिवाळ्यात औषधकंपनीसाठी तपकिरी बाटल्या निघत होत्या. त्यांच्या गळ्याशी केसासारखे बारीक तडे जात होते. ते वेळीच लक्षात आलं, लाइन थांबवली गेली आणि मोठा घोटाळा टळला. हे सगळं घडलं होतं. फक्त निबंधात तिनं लिहिलं होतं, ‘मी लाइन थांबवली.’ आणि लाइन थांबवली होती तपासणीवाल्या काकूंनी.

काकू बावीस वर्षं सरकत्या पट्ट्याशेजारी बसून बाटल्या पाहत होत्या. त्या दिवशी त्यांनी दोन बाटल्या हातात घेतल्या, एकमेकींवर हलकेच वाजवल्या, आवाज ऐकला आणि कुणाला न विचारता लाल बटण दाबलं. धाकटी तेव्हा शेजारी उभी होती. म्हणजे होती, एवढंच.

मंगळवारी तिनं निबंधाचा मसुदा प्लँटच्या प्रमुख मॅडमना दिला. शिफारसपत्र त्याच लिहिणार होत्या. मॅडमनी उभ्याउभ्याच वाचला आणि चष्मा कपाळावर सरकवला.

“हे तू केलंस? त्या आठवड्यात मी रजेवर होते. कुणी बोललं नाही मला.”

“हो,” धाकटी म्हणाली.

“बरं झालं लिहिलंस. मी यावरच लिहिते मग.”

त्या दिवसापासून तिला अन्न गोड लागेना. तक्त्यात तिनं एकाच यंत्रावर दोन ऑर्डरी टाकल्या, त्या दुसऱ्याच कुणीतरी दुरुस्त केल्या. मॅडम काकूंशी बोलल्या तर? काकूंनी नुसतं ‘कोण, ती?’ असं विचारलं तरी पुरे होतं. पट्ट्याच्या बाजूनं जायचं टाळून त्या दिवशी ती गोदामाला वळसा घालून जेवायला गेली.

बुधवारी दुपारी वळसा घालूनही गाठ पडलीच. मॅडम आणि काकू दारातच बोलत उभ्या होत्या.

“काय हो,” मॅडमनी हसत काकूंना विचारलं, “त्या तपकिरी बाटल्यांच्या वेळी लाइन हिनं थांबवली म्हणे?”

काकूंनी धाकटीकडे पाहिलं. एवढंसं पाहिलं, एखाद्या बाटलीकडे पाहावं तसं.

“हो, हीच होती,” काकू म्हणाल्या आणि हात पुसत आत निघून गेल्या.

पकडलं गेल्यावर वाटली असती त्यापेक्षा ही लाज जास्त होती. जेवणाचा डबा तसाच घेऊन धाकटी काकूंच्या मागोमाग गेली.

“काकू, तुम्ही हो का म्हणालात?”

“मग काय म्हणू? मॅडमच्या देखत तुझं नाक कापू?” काकूंनी स्टूल ओढलं. “अगं, मला काय त्या कॉलेजात जायचंय? घे तुला हवं तर.”

“पण खोटं आहे ना ते.”

“ते तुला ठाऊक, मला ठाऊक. आता मॅडमना सांगायचं की नाही ते तू बघ. दुसऱ्यांदा मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही, एवढं सांगून ठेवते.” पट्टा पुन्हा सुरू झाला आणि काकूंचे डोळे बाटल्यांवर गेले.

गुरुवारी सकाळी साडेआठला धाकटी मॅडमच्या केबिनबाहेर उभी होती. आत गेल्यावर तिनं बसायच्या आधीच सगळं सांगून टाकलं, एका दमात, मधे कुठंही न थांबता. मॅडमच्या टेबलावर शिफारसपत्राचं पान अर्धं लिहून पडलेलं तिला दिसत होतं.

मॅडमनी ते पान उचललं, दोनदा घडी घातली आणि खणात टाकलं.

“तू काय केलंस त्या दिवशी? खरं सांग.”

“काही नाही. औषधकंपनीला फोन केला. माल दोन दिवस येणार नाही म्हणून सांगितलं.”

“ते काय म्हणाले?”

“पाऊण तास ओरडत होते. मग मी साच्यांचा तक्ता बदलला. पाण्याच्या बाटल्या पुढं ढकलल्या, म्हणजे औषधवाल्यांचा माल शनिवारी तरी निघेल म्हणून.”

“निघाला?”

“रविवारी निघाला.”

“मग हे का नाही लिहिलंस?”

“एवढंसं आहे, मॅडम.”

“सोळा महिन्यांचं काम सोळा महिन्यांएवढंच असणार,” मॅडम म्हणाल्या. आवाजात राग होता, पण तो उतरत होता. “एवढी घाई कशाची आहे तुला? घरचे मागे लागलेत?”

तेव्हा धाकटीच्या तोंडून ते निघालं, जे तिनं थोरलीला सांगितलं नव्हतं आणि बाबांना तर सांगूच शकत नव्हती. “मला भीती वाटते, मी इथंच राहीन. बाबांसारखी. आत्ता नाही गेले तर कधीच जाणार नाही.”

मॅडमनी मान हलवली. समजूत घातली नाही. मग म्हणाल्या, “पावसाळ्यानंतर भट्टी बंद करून आतून नव्यानं बांधायची आहे. बारा वर्षांनी एकदा होतं हे. तीन महिने काच निघणार नाही आणि गिऱ्हाइकांना माल तर द्यावाच लागेल. त्याचं नियोजन कुणाकडे द्यायचं ते ठरलेलं नाही. तुला हवं असेल तर तुला देईन. पण तू तेव्हा कॉलेजात असशील तर दुसरं कुणी करेल. पत्र मी लिहिते, खरं तेवढंच. अर्ज भरायचा की नाही ते तू ठरव. मला विचारू नकोस.”

त्या रात्री ती अर्जाकडे फिरकली नाही. शुक्रवारी तिनं निबंध नव्यानं लिहिला, फोनचा आणि रविवारी निघालेल्या मालाचा. दुपारी चारला अर्ज पुरा झाला होता. मॅडमचं पत्रही आलं होतं, आठ ओळींचं. बटण तेवढं दाबायचं राहिलं होतं. न दाबलं तर मी भित्री, आणि दाबलं तर भीतीपोटीच दाबलं. कुठूनही बघितलं तरी भीतीच. शेवटी तिनं स्वतःला एकच प्रश्न विचारला: जूनमध्ये इथून निघाले तर मला कशाची हळहळ वाटेल? उत्तर आल्यावर तिलाच नवल वाटलं. भट्टी.

पाच वाजले. पडद्यावर ‘मुदत संपली’ अशी ओळ आली आणि तिला रडू फुटलं. आपण चुकलो की काय, हे तिला तेव्हाही कळलं नाही आणि पुढं बरेच महिने कळलं नाही. बाबा दोन दिवस तिच्याशी तुटक बोलत होते. थोरली ‘शहाणी गं माझी’ म्हणाली, त्याचा तिला आणखीनच राग आला. बरोबरच्या एका मैत्रिणीनं बावीस महिन्यांच्या अनुभवावर अर्ज भरला होता. तिला प्रवेश मिळाला, तेव्हा धाकटीनं अभिनंदन केलं आणि मग बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत बसली.

भट्टीचं काम तीन महिन्यांऐवजी चार महिने चाललं. धाकटीनं साठवून ठेवायला सांगितलेल्या बाटल्यांचा अंदाज चुकला. एक जुनं गिऱ्हाईक कायमचं तुटलं. त्या बैठकीत ती उभी राहिली आणि म्हणाली, “हा आकडा माझा होता.” कुणी तिला वाचवलं नाही, तरी ती टिकली. बाकीच्या नऊ गिऱ्हाइकांना मात्र एकदाही माल कमी पडला नाही.

अडतीस महिने भरल्यावर तिनं तीन कॉलेजांत अर्ज केले. निबंधात तुटलेल्या गिऱ्हाइकाबद्दलच लिहिलं. काकू तोवर निवृत्त झाल्या होत्या. तिनं निबंध त्यांना घरी जाऊन वाचून दाखवला. “चूक आपली आपणच लिहून पाठवायची? विचित्रच आहे तुमचं कॉलेज,” काकू म्हणाल्या, पण शेवटपर्यंत ऐकला.

पहिल्या कॉलेजानं नकार दिला. दुसऱ्यानं प्रतीक्षा यादीत टाकलं आणि तिथंच विसरलं. तिसऱ्यानं, जे तिच्या यादीत खालून पहिलं होतं, बोलावलं. मुलाखतीत एका प्राध्यापकांनी तिचा कागद उलटा-सुलटा करून विचारलं, “इतका उशीर का केलात?” ती खुर्चीत हसू आवरत बसली आणि मग सावकाश उत्तर द्यायला लागली.

प्रवेश मिळाला. पत्र आलं तेव्हा बाबा गॅलरीत कपडे वाळत घालत होते. त्यांनी पत्र दोनदा वाचलं, घडी घालून तिच्या हातात दिलं आणि विचारलं, “मग? राजीनामा कधी देतेस?”

“सोमवारी,” ती म्हणाली. आणि तो अख्खा रविवार तिला पुन्हा अन्न गोड लागलं नाही.