पडद्यावर धडधडणारं काळीज

पडद्यावर मांसाचा इवलासा तुकडा धडधडत होता आणि सभागृहातली माणसं श्वास रोखून त्याच्याकडे बघत होती.

"ओळखा, हे काळीज कुणाचं?" पेशीवाले डॉक्टर माईकवर गरजले. "या काकांचं! आत्ता तुमच्या डोळ्यांदेखत यांचं रक्त काढलं. त्यात पेशी गाढ झोपल्या होत्या, मी त्यांना उठवलं. बघा कशा नाचताहेत! या पेशी मेलेल्या हृदयात सोडल्या की नवं हृदय उगवतं. हॉस्पिटलवाले म्हणतात, जन्मभर गोळ्या गिळा. अहो, जळक्या घराला रंग मारत बसायचं, की नवं बांधायचं?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. टेबलावरच्या सूक्ष्मदर्शकाकडे बघून काकांनी हात जोडले.

मागच्या रांगेत ती नवऱ्याचा हात घट्ट धरून बसली होती. ती कपड्यांच्या कारखान्यात कापड बेतायची. नवरा तरण तलावावर पोहायला शिकवायचा. अर्ध्या गावाची पोरं त्याच्या हाताखाली पोहायला शिकली होती. हार्ट अटॅकही त्याला तलावाच्या काठावरच आला. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्टच सांगितलं होतं, "हृदयाचा मोठा भाग निकामी झालाय. औषधं नियमित घेतली तर नीट जगाल. पण पोहणं विसरा."

तेव्हापासून तो खिडकीशी बसून असायचा. जिना चढताना धापा टाकायचा आणि ती बघतेय असं दिसलं की हसायचा. ते हसू तिला सोसत नव्हतं. म्हणून ती त्याला इथे घेऊन आली होती.

नणंद शाळेत विज्ञान शिकवायची. तिने आधीच बजावलं होतं, "अगं, रक्तातून घटकाभरात हृदयाच्या पेशी होत नसतात."

"ताई, तुमच्याकडे दुसरा उपाय आहे?" तिने विचारलं होतं.

पेशीवाल्यांनी नवऱ्याला इंजेक्शन दिलं आणि चमत्कार घडला. त्या दिवशी त्याला सारखी लघवी होत राहिली. पेशीवाले म्हणाले, "जुन्या हृदयाचा कचरा वाहून जातोय!" पायांची सूज ओसरली, भूक लागली. तो एका दमात जिना चढला आणि वर उभा राहून ओरडला, "अगं ये, बघ!" ती पायरीवरच बसून ढसाढसा रडली.

"आता हॉस्पिटलच्या गोळ्या बंद," पेशीवाल्यांनी फर्मावलं. "त्या गोळ्या कोवळ्या पेशींना मारतात." तिने स्वतःच्या हाताने गोळ्या कचऱ्यात टाकल्या.

थोड्याच दिवसांत पाय पुन्हा सुजले. मग एका सकाळी त्याला आडवंच होता येईना. बसल्या जागी तो पाण्यात बुडणाऱ्या माणसासारखा हवेसाठी तडफडू लागला. नणंदेने धावपळ करून त्याला हॉस्पिटलात पोचवलं.

डॉक्टरीणबाई कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या. "फुप्फुसात पाणी भरलंय. आणि यांना मधुमेह नाही, मग साखर एवढी का वाढली? कुणी काय दिलंय यांना?"

तिने रडत रडत सगळं सांगितलं.

"कचरा कसला! लघवी होण्याचं औषध दिलं असणार, म्हणून सूज उतरली. आणि अंगात तरतरी आली ती बहुतेक स्टेरॉईडने, साखरही त्यानेच चढते. दोन्हींचा जोर ओसरला. त्यात तुम्ही गोळ्या थांबवल्यात. हृदय होतं तसंच होतं, बाई."

"पण बाई, मी स्वतः बघितलं! धडधडत होतं ते!"

डॉक्टरीणबाई घाईने परत आत गेल्या. नणंद तिला जवळ घेऊन हळूच म्हणाली, "सूक्ष्मदर्शकाखाली जे असतं तेच पडद्यावर दिसतं. ते झाकलं की पडदा काळा व्हायला हवा. एवढंच बघायचं."

नवऱ्याची धाप जरा ओसरल्यावर नणंदेने पोलिसांना कळवलं आणि दोघी सभागृहात गेल्या. पडद्यावर तुकडा धडधडत होता. पुढे आज एक आजी होत्या. "ओळखा, हे काळीज कुणाचं?" पेशीवाले गरजले.

ती तडक व्यासपीठावर चढली. कुणी अडवायच्या आत तिने सूक्ष्मदर्शकाखालची काचेची बशी उचलली आणि सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर तळवा घट्ट दाबला. त्या क्षणी ती मनातल्या मनात विनवत होती, काळा हो. खोटं ठरव मला. काळा हो, म्हणजे माझा माणूस बरा होईल.

तुकडा धडधडतच राहिला.

"अहो बाई, पेशी बिथरतील!" पेशीवाले किंचाळले.

"बशी माझ्या हातात आहे," ती म्हणाली. "मग पडद्यावर काय नाचतंय?"

नणंदेने टेबलावरचं कापड उचललं. खाली लॅपटॉप होता आणि त्यावर तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा चालू होता. पेशीवाले मागच्या दाराने जे सटकले ते थेट पोलिसांच्याच हाती लागले.

पण लोकांचा राग आधी तिच्यावरच निघाला. "आमची आशा कशाला मोडलीस?" वडिलांना धरून उभी असलेली एक मुलगी ओरडली. "आता आम्ही करायचं काय?"

तिला त्या मुलीचा जराही राग आला नाही.

"गोळ्या बंद करू नका," ती म्हणाली. "आधी तेवढं करा. हृदय पुन्हा घडवायचे खरे प्रयत्न जगात चालू आहेत. माझ्या नणंदेने मला ते वाचून दाखवलं. पण ते करणारी माणसं म्हणतात, अजून खात्री नाही, तपासतोय. तमाशा मांडून ग्वाही देतो तो फसवतो. काय टोचताय ते विचारा. आधी कितीजणांना दिलं, त्यातले किती जगले, ते कुणी तपासलं, हेही विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्या हाती आपलं माणूस देऊ नका. मी न विचारता दिलं. माझा नवरा आज नळीतून श्वास घेतोय."

त्या मुलीने वडिलांची बाही खाली ओढून बटण लावलं आणि विचारलं, "हॉस्पिटल कुठल्या बाजूला आहे?"