जिवलीच्या जोत्यावर

मी एक जुनी ताडपत्री आहे. कधीकाळी निळी होते, आता उन्हानं राखाडी पडलेय. कडेच्या तीन पितळी कड्या निखळल्यात आणि मधोमध हातभर शिवण आहे. पण मित्रांनो, माझी कीव करू नका.

कारखान्यातून निघाल्यावर दोन वर्षं मी जव्हारच्या एका मदतसंस्थेच्या गोदामात घडी होऊन पडले होते. मग एका एप्रिलमध्ये संस्थेच्या योगिताताईंनी मला तांदूळ, भांडी आणि पाण्याच्या कॅनसोबत जीपमध्ये टाकलं आणि आम्ही खोडाळ्याला गेलो.

तिथं आपल्या बहिणीच्या पडवीत जिवली बसली होती. सूर्यमाळच्या बाजूला एका पाड्यावर ती मजुरी करून एकटी राहायची. पाड्यावरच्या सुकऱ्याचा लहान मुलगा तापानं गेला. भगतानं सुपात तांदळाचे दाणे मांडले आणि नाव घेतलं जिवलीचं. म्हणे, ही भुताळी, हिनंच पोर खाल्लं. भरदिवसा लोकांनी तिचं घर मोडलं आणि तिला हाकलून दिलं.

"जव्हारला खोली बघते तुझ्यासाठी," ताई म्हणाल्या. "तिथं कुणी त्रास देणार नाही."

"मना खोली नको," जिवली म्हणाली. "पळून जायला मी काय केलंय? मना माज्या जोत्यावर जायचंय."

मग ताईंनी तिला घर मोडणाऱ्यांविरुद्ध पोलिसात तक्रार लिहून दिली. दोन पोलीस सोबत आले आणि ताईंनी त्या उघड्या जोत्यावर चार बांबू रोवून मला बांधलं. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं काम.

पोलीस परत गेले. तिसऱ्या दिवशी सुकऱ्या कोयता घेऊन आला. एका घावात त्यानं मला चिरलं. जिवली जागची हलली नाही.

"फाड," ती म्हणाली. "मी शिवीन."

सुकऱ्या कोयता खाली करून निघून गेला. संध्याकाळच्या आत जिवलीनं दाभण आणि सुतळी घेऊन मला शिवलं.

विहीर तिला बंद होती. ती डोंगरापलीकडच्या झऱ्यावरून पाणी आणायची. एकदा पाड्यातले जाणते आले. "तक्रार मागं घे, विहीर मोकळी करू."

"आधी माजं घर बांधा. ज्यांनी मोडलं त्यांनीच. आणि सगळ्यांसमोर बोला, जिवली भुताळी नाय."

ते हसत परतले.

मे महिन्यात एका सकाळी सुकऱ्याची बायको पोशी विहिरीवरून निघाली ती थेट आमच्याकडं आली आणि भरलेला हंडा जिवलीपुढं ठेवला. सुकऱ्या धावत आला. "हिला पाणी देतेस? आपलं पोर खाल्लं हिनं!"

"पोर तापानं गेलं," पोशी म्हणाली. "दवाखान्यात ने म्हणून मी दोन दिवस रडले. तू भगताकडं नेलंस."

तिच्यामागून आलेल्या विहिरीवरच्या बायका ऐकत होत्या; संध्याकाळपर्यंत ते घरोघरी पोचलं. सुकऱ्या आला तसा माघारी गेला.

आठ दिवसांनी घर मोडणारेच भिंतींसाठी कारवीच्या काठ्यांचे भारे घेऊन आले. पहिला खड्डा सुकऱ्यानंच खणला. कुडाच्या भिंती उभ्या राहिल्यावर सगळ्यांसमोर तो पुटपुटला, "जिवली भुताळी नाय."

"ऐकू नाय आलं," जिवली म्हणाली.

त्यानं पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. भगत मात्र आला नाही. जिवलीनंही तक्रार मागं घेतली नाही.

कौलं चढल्यावर ताईंनी मला उतरवलं. "हिला परत नेऊ का?"

"न्या. पण आता हिला बांधायला मी येणार."

तेव्हापासून मी तीन ठिकाणी उभी राहिले आणि तिन्ही वेळा पहिली गाठ जिवलीनं मारली.

मित्रांनो, तुमच्याकडं माझ्यासारखी कुणी पडून असेल तर तिला धुवा, सावलीत वाळवा, उंदरांपासून जपा. आणि कुणाचं घर मोडलं तर तिला तिकडं पाठवा. पण आधी त्या माणसाला विचारा, तुला कुठं राहायचंय? तो 'इथंच' म्हणाला, तर दोऱ्या घट्ट आवळा. बाकी आम्ही बघून घेऊ.