एकदाच उरकलेला गोवर

बाइंडरचा धंदा माणसाला एकच अक्कल देतो : एकेक पुस्तक करत बसलास तर उपाशी मरशील. वीस शिवायची, वीस चिकटवायची, वीसच्या वीस एकदम दाबाखाली ठेवायची. मी घरीही तसाच वागायचो. केस कापणं, दात दाखवणं, रुसवेफुगवे, सगळं घाऊक.

म्हणून माझ्या मुलीला गोवर निघाला तेव्हा धाकट्या बहिणीला मीच फोन केला. "तुझं बटण घेऊन ये. दोघींना एका गादीवर झोपवू. आज ना उद्या व्हायचाच, एकदाच उरकून टाकू."

बटण म्हणजे तिची आठ महिन्यांची लेक.

"दादा, पुढच्या महिन्यात तिची लस आहे."

"मग एक सुई वाचली की."

माझ्या विनोदांना तेव्हा घरात फार मान होता. ती आली.

बटणाला गोवर झाला आणि आठवड्यात उतरलाही. मेव्हणे लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर परगावी होते. त्यांना बहिणीने 'कुठून तरी लागला' एवढंच सांगितलं. मी मात्र महिनाभर स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

सात वर्षांनी बटणाच्या हातून पेले पडू लागले. "मामावर गेलीय, कामचुकार," मी म्हणालो. मग अक्षर बिघडलं. येणारे पाढे येईनासे झाले. मग बसल्या जागी दर थोड्या वेळाने अंगाला झटका बसू लागला. एकदा मी तिची नक्कल करून दाखवली. सगळे हसले. तीही हसली, हे जास्त वाईट.

दवाखान्यात तिच्या मेंदूचा आलेख काढला, पाठीतून पाणी काढून तपासलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "लहानपणी गोवर झाला होता?"

"आठव्या महिन्यात," बहीण म्हणाली.

बाईंनी पेन खाली ठेवलं. गोवराचा विषाणू क्वचित मेंदूत दडून राहतो, म्हणाल्या, वर्षानुवर्षं. वर्षाच्या आत गोवर झालेल्या मुलांना धोका जास्त. औषधांनी कधीकधी थोडे दिवस मिळतात. बरं होत नाही.

बाहेरच्या बाकावर मेव्हणे गुडघ्यांवर हात ठेवून बसले. "माझंच चुकलं. परगावी जायच्या आदल्या दिवशी तिला भरल्या बसमधून फिरवून आणली. मागचं पोर सारखं खोकत होतं. उतरायला हवं होतं मी."

बहिणीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. नको. तिचं बरोबर होतं. गप्प राहिलो असतो तर तिचा संसार आणि माझं त्या घरातलं येणंजाणं, दोन्ही शाबूत राहिलं असतं. फक्त हा माणूस जन्मभर त्या बसमध्ये बसून राहिला असता.

"बस नव्हती, मेव्हणे. माझ्या मुलीला गोवर होता. मी मुद्दाम बटणाला तिच्याशेजारी झोपवलं. ही नको म्हणत होती."

"मी नको म्हटलं नव्हतं, दादा," बहीण म्हणाली. "लस आहे, एवढंच म्हटलं होतं."

मेव्हणे माझ्याकडे वळले.

"तुमची मुलगी कशी आहे?"

"पोहण्याच्या शर्यतीत दुसरी आली."

"छान," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मग ते उठले. "तिला आंघोळ घालायला आता दोन माणसं लागतात. मला पाठीमुळे एकट्याला उचलवत नाही. सकाळी सातला येत जा. माझ्याशी बोलायचं नाही. तिला हसवायचंही नाही."

दुसऱ्या दिवशी मी पावणेसातलाच जाऊन त्यांच्या जिन्यात उभा राहिलो.