पुढच्याला विचारा

"बाई, दहा सेकंद झाले. पुढच्याला विचारा," मागच्या बाकावर बसलेले तपासनीस साहेब म्हणाले.

बाईंच्या हातातल्या टॅबवरही तेच लिहिलं होतं. दहा सेकंदांत उत्तर आलं नाही, तर पुढच्या मुलाकडे वळा. समोर मनी उभी होती. पोर बोलताना अडखळायची. झाडाचं चित्र बघून ती "झ... झ..." करत अडली होती.

जगभरच्या कुठल्याशा परीक्षेत देशाचा नंबर तळाला गेला होता. परीक्षा दिली मोठ्या मुलांनी, पण झळ पार दुसरीच्या वर्गापर्यंत आली. परदेशी कंपनीकडून तयार धडे आले. काय बोलायचं, किती थांबायचं, सगळं त्यात लिहिलेलं. उभा जन्म शिकवण्यात गेलेल्या बाईंना आता 'शाब्बास'सुद्धा वाचून म्हणावं लागे.

मनीसाठी मात्र त्यांची स्वतःची एक रीत होती. ती अडली की सगळा वर्ग बाकावर हलकेच ताल धरायचा आणि त्या तालावर तिचा शब्द सुटायचा. आधी महिनोन्‌महिने मुकाट बसलेली मनी हल्ली आपणहून हात वर करू लागली होती.

आजही मुलांनी सवयीने ताल धरला. साहेबांनी मान वर केली.

"हे काय चाललंय? धड्यात आहे का हे?"

"नाही साहेब. पण येतोय तिचा शब्द. जरा थांबू या ना."

"मला काय हौस आहे का, बाई? वरचे लोक हेच मोजतात. आधी तुमची नोकरी जाईल, मग माझी."

बाईंची नोकरी दर वर्षी नव्या करारावर चालायची आणि घरात मिळवत्या त्या एकट्याच.

"गप्प बसा रे!" त्या मुलांवर खेकसल्या आणि पुढच्या मुलाकडे वळल्या. त्याने झटकन "झाड" म्हणून टाकलं. बाईंनी टॅबवरचं शाब्बास वाचलं.

मनी अजून तोंड उघडं ठेवून उभीच होती.

"बस गं बाळा," बाई म्हणाल्या. त्यांना स्वतःची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी साहेब नव्हते. बाईंनी दार लोटून घेतलं आणि टॅब कपाटात ठेवला.

"आज कसली घाई नाही हं. मने, तू सांग. हे कशाचं चित्र?"

ताल धरायला कुणाचाच हात बाकावर आला नाही. बाई वाट बघत राहिल्या.

मनी शहाण्या मुलीसारखी उठून उभी राहिली आणि तिने बोटाने पुढचा मुलगा दाखवला.