बाळ बांधलेलं होतं

मित्रांनो, मी एक जुनी सीट आहे. सीट म्हटलं की तुम्हाला गाडीतली गुबगुबीत बैठक आठवेल, पण ती मी नव्हे. तान्ह्या बाळाला गाडीतून नेताना ज्यात झोपवतात, खांद्यांवरून आणि पायांमधून पट्टे घेऊन पोटाशी खटका लावतात, ती मी. मला वरून दांडा आहे, त्यामुळे बाळासकट उचलून घरात नेता येतं. सध्या मी एका घराच्या मागच्या गॅलरीत, धुण्याच्या बादल्या आणि मोडक्या टेबलफॅनच्या शेजारी पडून आहे. माझ्या कापडावर बुरशीचे डाग पडलेत आणि पाठीमागे एक पाल राहते. पालीबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार वेगळीच आहे, आणि ती तुम्हाला सांगितल्याशिवाय मला चैन पडायचं नाही.

माझा जन्म कारखान्यातला. गरम प्लॅस्टिक साच्यात दाबलं, गार केलं, कडा घासल्या आणि झाले मी तयार. बायका एका लांब टेबलाशी बसून गप्पा मारत मारत आमच्यात पट्टे ओवायच्या. मग आमच्यातली एक जण परीक्षेसाठी निवडायचे. तिला लोखंडी गाड्यावर बांधायचे, तिच्यात बाळाएवढी बाहुली ठेवायचे, गाडा सुसाट सोडायचे आणि एकदम थांबवायचे. आमच्या खेपेला जी गेली ती कडेला तडकली, पण बाहुली जागची हलली नाही. म्हणून आम्ही बाकीच्या सगळ्या पास! मार एकीने खायचा आणि पास सगळ्यांनी व्हायचं, असा नियम तुमच्या शाळेत असता तर तुम्ही किती खूश झाला असता. मला मात्र तेव्हापासून एक गोष्ट पक्की ठाऊक आहे. धावती गाडी एकदम थांबली की जे बांधलेलं असतं ते राहतं आणि जे सुटं असतं ते जातं. मग ते काहीही असो.

दुकानात मला न्यायला ठमीचे बाबा आले. ठमी म्हणजे माझं बाळ. तेव्हा ती जन्मालासुद्धा आली नव्हती, पण टोपणनाव ठरलेलं होतं. बाबांचं काम लिफ्ट दुरुस्तीचं. त्यांनी माझा एकेक पट्टा दोन्ही हातांनी असा काही ओढून पाहिला की दुकानदार वैतागला.

"अहो साहेब, सीट आहे ही. लिफ्ट नव्हे."

"लिफ्टमध्ये मोठी माणसं असतात," बाबा म्हणाले. "हिच्यात माझी पोरगी बसणार आहे."

तिथल्या तिथे मला हा माणूस आवडला.

ठमीची आई चष्म्याच्या दुकानात कामाला होती. चष्म्याचे ते तिळाएवढे स्क्रू ती न बघता बसवायची. त्याच बोटांनी तिने मला गाडीत मागच्या बाजूला, तोंड पाठीकडे करून, घट्ट बसवलं. हलवून पाहिलं. पुन्हा हलवून पाहिलं. मी ढिम्म! ती खुदकन हसली. ते माझे सुखाचे दिवस होते. ठमी माझ्यात झोपायची, लाळ गाळायची, कधीकधी त्याहून वाईटही करायची. कापड धुवून घेतलं की मी पुन्हा लख्ख.

अडचण एकच होती. ठमी अंगावर पिणारी, आणि बाटली तिला अजिबात चालायची नाही. बाटली तोंडाशी नेली की अशी जीभ बाहेर काढायची, जसं काही आपण तिला एरंडेल पाजतोय. घरी ठीक होतं. पण आईची आई, म्हणजे ठमीची आजी, दुसऱ्या गावी एकटी राहायची आणि तिला हृदयाचं दुखणं लागलं होतं. त्यामुळे दर सुट्टीला ही तिघं लांबच्या रस्त्याने तिच्याकडे निघायची. आणि अर्धा रस्ता सरला की ठमीला भूक लागायची.

सुरुवातीला बाबा गाडी थांबवायचे. आई ठमीला माझ्यातून सोडवून मांडीवर घ्यायची, ओढणी पुढे ओढायची आणि पाजायची. बाबा बाहेर उभे राहून आळोखेपिळोखे द्यायचे. यात काय चुकीचं होतं, सांगा बघू! पण लोकांना राहवत नाही. पेट्रोल पंपावर थांबलं तर कोणीतरी काच ठोठावायचं, "गाडी पुढे घ्या, गाडी पुढे घ्या." चहाच्या टपरीपाशी थांबलं तर बाकावरचे दोघेतिघे कप हातात धरून टक लावून बघायचे. एकदा तर एकाने दुसऱ्याला कोपराने ढोसलं आणि दोघं हसले. आईचे कान लालबुंद झाले. तिने ठमीला अर्धपोटीच ओढून काढलं, आणि मग ठमीने जे काही भोकाड पसरलं ते आजीच्या दारापर्यंत.

"यापेक्षा न आलेलं बरं," आई म्हणाली आणि रडायला लागली.

पुढच्या खेपेला तिने युक्ती काढली. गाडी थांबवायची नाही, ठमीला सोडवायचंही नाही. आपण शेजारी बसलोच आहोत, तर आपणच वाकायचं. तिने आपला पट्टा काढला, एक गुडघा बैठकीवर रोवला, माझ्या कडेवर छाती टेकवली आणि बांधलेल्या ठमीला तशीच पाजायला लागली. ठमी गप्प! गाडी पळतेय, बाळ पितंय, रस्त्यावर कोणाला पत्ता नाही.

बाबांनी आरशातून पाहिलं. "अगं, तुझा पट्टा?"

"पट्टा लावून वाकता येत नाही रे. ठमी बांधलेली आहे ना? मग झालं तर."

बाबांनी नजर पुन्हा रस्त्याकडे वळवली. मित्रांनो, हा माणूस लिफ्टच्या खड्ड्यात उतरताना कमरेचा पट्टा लोखंडाला अडकवल्याशिवाय एक पाऊल टाकत नसे. बरोबरचा कोणी विसरला तर त्याला सगळ्यांदेखत झापायचा. मला त्यांचं ते फोनवरचं झापणं पाठ होतं. पण बाळ बांधलेलं होतं, बाळ शांत होतं, आणि बायको कितीतरी दिवसांनी गाडीत हसत होती. अशा वेळी घरच्या माणसाला कोण टोकतं? माझ्या अंगावर तिचा भार यायचा, गाडीच्या प्रत्येक हिसक्याला तो सरकायचा, आणि मला कारखान्यातला तो गाडा आठवायचा.

युक्तीचं कौतुक किती झालं म्हणून सांगू! आईची धाकटी जाऊ तर टाळ्याच वाजवायची बाकी राहिली. तिला तेव्हा सातवा महिना होता.

"ताई, भारीच की हो! मीपण असंच करणार."

आई लाजली. मला चीड आली. पण माझ्या चिडीला कोण विचारतो?

मग तो दिवस आला. आजीचं ऑपरेशन ठरलं होतं. दुपारी तिला आत नेणार होते. सकाळी तिने फोन केला. आवाज अगदी बारीक झाला होता.

"येतेस ना गं? तू दिसल्याशिवाय मी आत जायची नाही."

"आले आले. निघालेच," आई म्हणाली. निघाली मात्र नव्हती. ऐन निघायच्या वेळी ठमीने सगळ्या कपड्यांवर ओकारी केली होती. ते बदला, हे पुसा, करता करता उशीर झाला. गाडीत आई सारखी घड्याळाकडे बघत होती. आपण पोचायच्या आत तिला नेलं आणि काही बरंवाईट झालं तर, एवढाच एक विचार तिच्या चेहऱ्यावर होता.

अर्ध्या रस्त्यात ठमी रडायला लागली.

"थांबू का?" बाबांनी विचारलं. "पुढे झाडाखाली जागा आहे."

"नको, नको. आई वाट बघत असेल. तू चालव, मी देते तिला."

आणि तिच्या पट्ट्याचा खटका सुटल्याचा आवाज मी ऐकला. ती माझ्यावर वाकली. ठमीने रडणं आवरलं आणि डोळे मिटून प्यायला लागली. आईने तिच्या कपाळावरचे केस बाजूला केले. "पी गं बाय, लवकर लवकर पी. आजीकडे जायचंय आपल्याला."

पुढे एक ट्रक जात होता. तो भर रस्त्यात, काही इशारा न देता, थांबला. बाबांनी ब्रेकवर अक्षरशः उभं राहून गाडी आवरायला पाहिली. गाडी फार जोरात होती असंही नाही. पण आदळली. ठमीचे पट्टे मी आवळून धरले, तिची पाठ माझ्या कुशीत दाबून ठेवली, आणि ती जागची हलली नाही. माझ्या कडेवरचा भार मात्र एका क्षणात उडाला. आई समोरच्या बैठकीवर मानेवर आपटली आणि खाली पायांशी पडली. तिला धरायला माझ्याकडे काही नव्हतं. माझे सगळे पट्टे लहान होते.

लोक धावले. दार उघडलं. ठमी दुधाच्या तोंडाने रडत होती, अंगावर ओरखडासुद्धा नाही.

"बाळ वाचलं! बाळ वाचलं! अरे, ही सीट होती म्हणून वाचलं!" कोणीतरी माझ्यावर थाप मारली. कोणीतरी माझा फोटो काढला. आयुष्यात मला मिळालेली ती सगळ्यांत मोठी शाबासकी, आणि त्या शाबासकीची मला शिसारी आली. अरे, खाली बघा! खाली बाळाची आई पडली आहे आणि तिचे डोळे उघडे आहेत, पण हातपाय हलत नाहीयेत.

दवाखान्यात बाबांच्या एका हाताला प्लास्टर घातलं. दुसऱ्या हाताने मला दांड्याला धरून त्यांनी ठमीसकट आईच्या खोलीत आणलं आणि पलंगाशेजारी स्टुलावर ठेवलं. आई शुद्धीवर होती. तिच्या मानेभोवती कडक पट्टा होता, डोळे छताकडे. डॉक्टरांनी बाबांना बाहेर नेऊन सांगितलं होतं ते मी बाबांच्या चेहऱ्यावर वाचलं. ठमी उपाशी होती. सगळ्यांनी बाटली लावून पाहिली, वाटी लावून पाहिली. तिने तोंड घट्ट मिटलं ते मिटलं.

"मला द्या तिला," आई म्हणाली. आवाज पुटपुटल्यासारखा होता.

सिस्टर डॉक्टरांना विचारून आल्या. त्यांनी पडदा ओढला, ठमीला माझ्यातून सोडवलं आणि आईच्या छातीशी दोन्ही हातांनी धरून ठेवलं. ठमीने शोधलं, पकडलं, आणि प्यायला लागली. घटाघट. खोलीत दुसरा आवाज नव्हता. बाबा भिंतीला टेकून ऐकत होते.

आई छताकडेच बघत होती. मान वाकवून खाली बघता येत नव्हतं तिला. थोड्या वेळाने ती म्हणाली, "सिस्टर, लावलंत का हो तिला?"

सिस्टरना आधी कळलंच नाही. मग कळलं.

"लावलंय की," त्या म्हणाल्या. "मघापासून पितेय."

"पितेय?"

"हो हो. चांगली पितेय."

"बरं," आई म्हणाली. बाबा पडदा सारून बाहेर गेले.

पुढे काही दिवसांत दूध आटलं. लेक दिसली नाही तरी आजीला आत न्यावंच लागलं होतं, आणि तिचं ऑपरेशन नीट झालं होतं. बरी झाल्यावर ती लेकीकडेच राहायला आली. बाटली न घेणाऱ्या ठमीला तिने चमच्याचमच्याने दूध पाजायला शिकवलं. पाजता पाजता ती कधीकधी कपाळ बडवून घ्यायची. "माझ्यापायी झालं गं हे. माझ्यापायी धावलीस."

"तुझ्यापायी काही नाही," आई पलंगावरून म्हणायची. "तू काय मला पट्टा काढ म्हणाली होतीस? पाज तिला, सांडतंय बघ."

बाबा अजून लिफ्ट दुरुस्त करतात. हल्ली ते फोनवर कोणाला झापत नाहीत.

धाकट्या जावेला मुलगा झाला. ती भेटायला आली, आणि जाताना मी गॅलरीत पडलेली तिला दिसले. "ताई, ही पडूनच आहे ना? आम्ही नेऊ का?"

"नाही," आई म्हणाली. "एकदा झटका खाल्लेली सीट दुसऱ्या बाळाला चालत नाही. नवी घ्या." तिने बाबांना हाक मारली आणि त्यांच्याकडून माझे पट्टे कापून घेतले, म्हणजे उद्या कोणी चुकूनही वापरायला नको. दुखलं नाही मला. ती बरोबरच बोलत होती.

"आणि वाटेत रडला तर काय करतेस गं?"

जाऊ खाली बघायला लागली. "थांबायला जागा नसते हो, ताई. लोक बघतात. म्हणून मग मी पट्टा काढून... तेवढ्यापुरतंच."

आई चिडली नाही. म्हणाली, "बघू देत ना लोकांना. काय बघतील? मीपण त्यालाच लाजले. आता चार माणसं येऊन मला आंघोळ घालतात, त्याची लाज वाटून घ्यायची सोयसुद्धा राहिली नाही. थांबत जा. कितीही घाई असू दे, बाजूला घेऊन थांबत जा."

जाऊ रडत गेली. त्यानंतर ती कुठेही जाताना अर्धा तास आधी निघते, एवढं मला ठाऊक आहे.

ठमी आता चालते. सकाळी उठली की डुलत डुलत आईच्या पलंगाशी येते, दोन्ही हात वर करते आणि "घे" म्हणते. रोज म्हणते. आई तिला सांगते, "आजीला म्हण, वर बसव मला." आजी येईपर्यंत ठमी हात वर करून तशीच उभी राहते.

मित्रांनो, तुमच्या घरातही कधीतरी तान्हं बाळ येईल आणि तुम्ही त्याच्याबरोबर गाडीतून जाल. ते रडायला लागेल. कोणीतरी म्हणेल, उशीर होतोय, थांबायला नको, आणि कोणीतरी आपला पट्टा सोडायला हात नेईल. तेव्हा तुम्ही गप्प बसू नका. लहान म्हणून गप्प बसू नका, मोठ्यांच्या मध्ये बोलू नये म्हणून गप्प बसू नका. जोरात ओरडा, "गाडी थांबवा!" रागावले तर रागावू देत. मी त्या गाडीत होते, मला सगळं कळत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.